नवरा म्हणतो, चित्रातलं आपल्याला काय कळतं!

पत्र:
"ताई, लग्नाला ४ वर्षं झाली. डोंबिवलीत वन बीएचके, आम्ही दोघं आणि सासूबाई. गेल्या वर्षी घराचा हप्ता सुरू झाला आणि रविवारचं बाहेर जाणं बंदच पडलं, कारण मॉलमध्ये पिक्चर, पॉपकॉर्न, जेवण, येताना रिक्षा, दोन-अडीच हजार कुठे गेले कळतसुद्धा नाही. आता रविवारी तो त्याच्या फोनमध्ये आणि मी माझ्या. माझी मामेबहीण मुंबईत आर्ट कॉलेजला आहे, तिने त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला बोलावलंय. नवऱ्याचं ऑफिस फोर्टलाच, सगळा भाग त्याच्या पायाखालचा, पण हा म्हणतो चित्रातलं आपल्याला काय कळतं, तिथे सगळे झोळीवाले आणि इंग्रजी बोलणारे असतात, आपण येडे दिसू. आणि मग हळूच म्हणाला, फुकटचं आहे म्हणून बायकोला फिरवायचं हे मला बरं नाही वाटत. यावर काय बोलावं सुचेना म्हणून गप्प बसले. काय करू?
- नाव नको, डोंबिवली"

उत्तर:
अगं, तुझं अख्खं पत्र त्या शेवटच्या वाक्यात आहे. झोळीवाले वगैरे सोडून दे, ते नुसतं तोंडी लावायला. त्याला लाज वाटतेय, बायकोला पूर्वीसारखं फिरवता येत नाही याची, आणि पुरुषांना ही लाज सरळ सांगता येत नाही, मग ते चित्रांवर, ट्रॅफिकवर, उन्हावर ढकलतात. म्हणून पहिली गोष्ट, "फुकट आहे, चल ना" हे वाक्य परत तोंडातून काढू नकोस. तुझ्या दृष्टीने ती सोय आहे पण त्याच्या कानाला ते हप्त्याचं बिल वाटतं. "मामेबहिणीचं काम प्रदर्शनात लागलंय, मला बघायचंय आणि तू बरोबर हवायस" एवढंच म्हण. खोटंही नाही त्यात काही.

आणि त्याला सुखाने कबूल होऊ दे की त्याला चित्रातलं काही कळत नाही. मला तरी कुठे कळतं. पण विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आणि मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन यात फार फरक असतो बघ. मोठ्या गॅलरीत एसी, पांढऱ्या भिंती, एक माणूस टेबलामागे बसलेला, आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो, तिथे मीही अजून बिचकते. कॉलेजात तसं नसतं. वर्गच रिकामे करून कामं लावलेली असतात, कोपऱ्यात मातीचा ढीग झाकलेला, जमिनीवर जुन्या रंगांचे डाग, कुणीतरी पळत जाऊन लेबल सरळ करतंय, आणि येणाऱ्यांत निम्मे आईबाबा. गावाहून आलेले, पिशवी सांभाळत, मुलाच्या चित्रापुढे उभे राहून फोटो काढणारे. तुझा नवरा तिथे अजिबात येडा दिसणार नाही.

शिवाय तुम्ही दोघं महाराष्ट्र बोर्डवालेच असणार ना, म्हणजे शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल किंवा वर्गातल्या कुणीतरी दिलेली पाहिली असेल. रविवारी सकाळी शाळेत जादा तास, तांब्या आणि त्याच्याशेजारी वांगं, मागे पडदा, त्याच्या घड्या काही केल्या जमायच्या नाहीत. स्मरणचित्रात बस स्टॉप आला की सगळ्या माणसांना छत्र्या द्यायच्या म्हणजे तोंडं काढावी लागत नाहीत. (मी हे केलंय. बी ग्रेड.) तर आर्ट कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन म्हणजे त्याच तांब्या-वांग्याचं चार-पाच वर्षांनी काय होतं ते बघणं. पहिल्या वर्षाच्या खोलीत स्थिरचित्रं असतात, अगदी ओळखीची. पुढे हेड स्टडी, म्हणजे समोर बसवलेल्या माणसाचा चेहरा बघून काढलेला, आउटडोअरला जाऊन केलेली लँडस्केप, मग कॉम्पोझिशन, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांचं प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच चाललेलं. म्हणून वर्षांच्या क्रमाने बघा, पहिल्यापासून शेवटाकडे. सगळे उलट करतात, आधी शेवटच्या वर्षाचं बघतात, डोकं गरगरतं आणि मग "आपल्याला कळत नाही" म्हणून चहाला जातात.

हेड स्टडीच्या भिंतीजवळ मात्र थांबाच. ही मजा मोठ्या गॅलरीत सहसा मिळत नाही, फक्त विद्यार्थ्यांकडे मिळते. एक मॉडेल बसवलेलं असतं, समजा फेटेवाले एक आजोबा, आणि अख्ख्या वर्गाने तेच आजोबा काढलेले असतात. वर्गात मुलं त्यांच्याभोवती अर्धगोल करून बसलेली असतात, डाँकीवर, म्हणजे ती घोड्यासारखी दोन बाजूंना पाय टाकून बसायची लाकडी बैठक, पुढे बोर्ड टेकवायला जागा असलेली. त्यामुळे कुणाला आजोबांचं नाक मिळालंय, कुणाला नुसता कान आणि फेट्याचा शेमला. १५ चित्रं, एकच माणूस. आता दोघांनी मिळून ओळखा, कुठलं पोरगं कुठे बसलं होतं, खिडकी कुठल्या बाजूला होती, कुणी उशिरा येऊन कोपऱ्यातली जागा पकडली. मग लक्षात येतं की एकाच्या चित्रात आजोबा रागीट आहेत, शेजारच्यात दमलेले, आणि तिसऱ्यात चक्क आपल्या नात्यातल्या कुणासारखे. आम्ही एकदा या एका भिंतीपाशी पाऊण तास होतो, आणि त्या पाऊण तासात चित्रकलेबद्दल एक अक्षर बोललो नाही, कोण कसं बघतं यावरच बोलणं चाललेलं. तुम्हा दोघांना खरं तर हेच हवंय. वन बीएचकेत सासूबाई समोर टीव्ही बघत असताना नवराबायको बोलणार काय, "गॅस बुक केलास का" एवढंच. सासूबाईंचा यात काही दोष नाही, भिंतींचा आहे. आणि मॉलमध्ये गेलात तरी पिक्चरमध्ये तीन तास अंधारात गप्पच बसता की.

माझीच एक गोष्ट सांगते. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, पुण्यात होतो, पैसे तुमच्यापेक्षा कमीच. जंगली महाराज रोडवरून चालत येताना पाऊस आला म्हणून बालगंधर्वच्या आवारात शिरलो, कलादालनात कुठल्याशा कॉलेजच्या मुलांची चित्रं लावली होती. आमचे हे, तोपर्यंत चित्राबिचित्राकडे ढुंकून न बघणारे, एका चित्रापुढे थांबले. बैलगाडीचं वॉटरकलर. आणि मोठ्याने म्हणाले, "शिंगं चुकलीत. एवढी लांब शिंगं असतात का बैलाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तो पोरगा मागेच उभा. पण तो म्हणाला, "नाही काका, आमच्याकडे खिल्लार असतात, माण तालुक्यात, त्यांची अशीच असतात." ("काका"वर हे थोडे दुखावले, तिशीही नव्हती.) हे पडले वर्ध्याचे, तिकडे गवळाऊ, आखूड शिंगांचे. मग जी जुंपली दोघांची! कुठला बैल नांगराला बरा, कुठला गाडीला, शिंगं कशी रंगवतात, पोळा तुमच्याकडे कधी आमच्याकडे कधी. मी बाजूला उभी राहून ऐकतेय की माझा नवरा लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात आजोबांचे बैल घेऊन नदीवर जायचा, त्यातला एक पुरात गेला आणि हा दोन दिवस जेवला नव्हता. दोन-तीन वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं म्हणा, बैलाबद्दल कोण विचारतं नवऱ्याला.

बरं, तू कॉलेज कुठलं ते लिहिलं नाहीस, पण फोर्टचा उल्लेख आहे म्हणून जेजे धरून चालते. दुसरं असेल तर हा परिच्छेद सोडून दे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, सीएसएमटीहून चालत अगदी थोडं, क्रॉफर्ड मार्केटच्या समोरच्या बाजूला. आता गंमत ऐक, नवऱ्याला फोडायला हाच मुद्दा वापर. तो रोज ज्या स्टेशनवर उतरतो ना, ते १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधत होते, आणि आतलं लाकडावरचं कोरीवकाम, लोखंडी-पितळी कठडे, तिकीट खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे यातलं बरंचसं काम जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. म्हणजे विद्यार्थ्यांचं प्रदर्शन बघायचं की नाही यावर तो तुझ्याशी वाद घालतोय आणि रोज सकाळी धावतपळत एका विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनातूनच ऑफिसला जातोय, वर्षानुवर्षं! रविवारी उतरलात की गर्दी नसते, पाच मिनिटं मान वर करून बघा. कमानी, पानं, पक्षी, माकडं. रोज जाणाऱ्याला माकड शोधायला लाव, मजा येते.

क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरही दगडात कोरलेली चित्रं आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांनी केलेली, ते जेजेत शिकवायचे. त्यांचा मुलगा रुडयार्ड १८६५ साली त्याच आवारात जन्मला, ज्याने पुढे मोगलीच्या गोष्टी लिहिल्या. तेव्हा आवारातली जुनी झाडं आणि डीनचा बंगलाही बघून घ्या, कॉलेजचं आवार एरवी आपल्यासारख्यांना उघडं नसतं, प्रदर्शनाच्या दिवसांत मिळतं. गेटवर वॉचमनने हटकलं तर "प्रदर्शन बघायचंय" एवढं म्हणायचं, वहीत नाव लिहायचं, झालं.

आत गेल्यावर एक पथ्य. मुलगा किंवा मुलगी आपल्या कामाशेजारी उभी असेल तर "किती दिवस लागले?" हे विचारू नका, सकाळपासून साठ लोकांनी विचारलेलं असतं. आणि "यातून नोकरी लागते का?" हे तर त्याच्या आईवडिलांना विचारू दे, तो त्यांचा हक्क आहे. त्यापेक्षा विचारा, "कुठे अडकला होतास?" किंवा "सर काय म्हणाले?" की मग ऐक. हा हात तीनदा पुसला, हे प्लास्टर काढताना नाक तुटलं ते परत बसवलंय, हा निळा रंग संपला म्हणून अर्धं आकाश हिरवं झालं आणि सरांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. तुझ्या नवऱ्यासारख्या माणसाला, काय काम करतो ते लिहिलं नाहीस, पण कुठलाही काम करणारा माणूस असो, दुसऱ्याच्या कामातली अडचण ऐकायला आवडतेच. बघ तू, तो स्वतःच प्रश्न विचारायला लागेल. सिरॅमिक असेल तर तिथे हटकून, भट्टीत किती फुटलं, किती वाचलं.

आणि हो, आधीच सांगून ठेवते, काही ठिकाणी न्यूड स्टडीही असतात. अभ्यासाचा भाग आहे तो, चित्रकाराला शरीर शिकावं लागतं. पहिल्यांदा दोघंही इकडेतिकडे बघाल, मग सवय होते. सासूबाईंना बरोबर न्यायचं की नाही ते यावरून तुझं तू ठरव. माझ्या सासूबाई मात्र असं चित्र बघून "किती वाळलीये बिचारी" म्हणून पुढे गेल्या होत्या, लाजले आम्हीच.

पैशाचं म्हणशील तर जायला-यायला लोकलचं तिकीट आणि बाहेर पडल्यावर क्रॉफर्ड मार्केटसमोर एक फालुदा दोघांत, किंवा स्टेशनबाहेर वडापाव-चहा. नवऱ्याला खर्च करू दे हं तिथे. तू डब्यातून पोळी-भाजी नेऊ नकोस, वाचतील चार पैसे पण त्याचं ते "बायकोला फिरवणं" राहून जाईल.

कधीतरी, याच वेळी असं नाही, मुद्राचित्रणाच्या खोलीत डोकावा. लाकडावर किंवा लिनोवर कोरून, नाहीतर धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा खाऊन घेऊन मग शाई लावून कागदावर छाप काढतात, त्यामुळे एकाच चित्राच्या थोड्या प्रती असतात. खाली पेन्सिलीने ३/१० असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे दहातली तिसरी. प्रती असल्यामुळे हे कॅनव्हासपेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि विकायचं असेल तर विद्यार्थी स्वतःच किंमत सांगतो. घासाघीस करायची नाही. भाजीवालीशी करतो तीही खरं तर करू नये, पण ते असो. आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर एक छोटा वुडकट आहे, कपबश्यांचा, एका मुलीकडून घेतलेला, आणि अजून घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो हे कुठून आणलं. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली जेजेतूनच डिप्लोमा घेऊन बाहेर पडले आणि आज त्यांची चित्रं कोटींत जातात, पण हे नवऱ्याला इन्व्हेस्टमेंट म्हणून अजिबात सांगू नकोस, तो फालुदा खाता खाता एसआयपीशी तुलना करत बसेल.

मामेबहिणीला आधी फोन करून रविवारी उघडं आहे का, किती वाजेपर्यंत आहे, ते विचार, कारण कॉलेजची प्रदर्शनं थोडेच दिवस असतात आणि वेळा बदलतात. उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका, भाषणं आणि गर्दी. बहुतेक कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं वर्ष संपत येताना, उन्हाळ्याच्या अलीकडे असतात. बाकी वर्षभर काय करायचं म्हणशील तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासून, आत जायला पैसे नाहीत, आणि बाहेर फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, त्यांच्याशी बोलणं आतल्यापेक्षा सोपं. राज्य सरकारच्या कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो, तोही बघण्यासारखा.

हे पत्र वाचून बाकी गावातली मंडळी म्हणतील आमचं काय, तर पुण्यात टिळक रोडला अभिनव कला महाविद्यालय आहे, घोले रोडला राजा रविवर्मा कलादालन आहे, कोल्हापूरला दसरा चौकात शाहू स्मारक भवन, तिथे तर बाबूराव पेंटरांच्या गावात चित्रातलं कळत नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी चित्रकला महाविद्यालयं आहेत, पणजीत आल्तिनोवर गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, आणि यातलं काहीच जवळ नसेल तर शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा, त्यांना सगळ्या तारखा माहीत असतात.

एक गोष्ट खरी सांगते, तो येईल आणि अर्ध्या तासात कंटाळेलही, असं होऊ शकतं. झालं तर ओढत नेऊ नकोस, कट्ट्यावर बसू दे, तू तुझं बघून ये आणि एकच चित्र त्याला दाखवायला घेऊन जा हाताला धरून. फक्त एक. सगळं बघायलाच हवं असा काही नियम नाही, तिकीट तर काढलेलंच नाही ना, वसूल काय करायचंय! आणि हप्त्याचं जे टेन्शन आहे त्यावर चित्रं बघून काही फरक पडणार नाही, ते एकदा कागद-पेन घेऊन दोघांनी बसून बोलावंच लागेल, किती येतं, किती जातं, महिन्याला हौसेला म्हणून पाचशे का होईना बाजूला पडतात का. पण ते त्याच दिवशी नको. त्या दिवशी फक्त फेटेवाले आजोबा.

निघताना अभिप्रायाची वही असते दाराशी, त्यात "खूप छान" लिहू नका, कुठलं चित्र आवडलं त्या मुलाचं नाव घालून लिहा, मुलं संध्याकाळी ती वही वाचतात. नवऱ्यालाही लिहू दे वेगळं, तू त्याचं वाचू नकोस लगेच. आणि रविवारचा मेगाब्लॉक बघूनच निघा. परतीची गाडी सीएसएमटीहून सुटते म्हणजे बसायला मिळतं, तू सवयीने लेडीजमध्ये चढू नकोस, दोघं जनरलमध्ये शेजारी शेजारी बसा, आणि फास्ट समोर उभी असली तरी स्लो पकडा.